पुलाखालचे दोन इंच

माझ्या मुलीचं घर गाडीनं पाच तासांवर आहे. बोटीनं ते सहा दिवसांवर आहे. हा हिशेब मला ठाऊक नसावा असं समजून आमच्या धक्क्यावरच्या झाडून सगळ्यांनी तो मला समजावून सांगितला. पोस्टमननंही सांगितला. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "घाई कुणाला आहे?" शाळेत सव्वीस वर्षं उपमुख्याध्यापक म्हणून काढलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य शोभून दिसतं. फक्त ते घरी बायकोसमोर म्हणायचं नसतं.

ग्लेंडानं ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "थँक्सगिव्हिंगला कोरिनकडं बोटीनं जायचं ना? जाऊ. मी येते. पण एक सांगते, व्हर्नन. तिच्या घरच्या धक्क्यावर मी बोटीतून उतरले, तर बोट राहील. आणि वाटेत कुठंही मला कुणाच्या गाडीत बसावं लागलं, तर बोट रॉयसची."

रॉयस आयपॉक म्हणजे आमचा धक्क्यावरचा शेजारी. तीनशे पौंडांचा, गोड बोलणारा गृहस्थ. त्याची स्वतःची बोट लहान आहे. गेली अकरा वर्षं दर रविवारी चर्चहून परतताना तो माझ्या बोटीपाशी थांबतो, टोपी काढतो आणि म्हणतो, "व्हर्नन, काय बोट आहे! कधी विकायची झाली तर आधी मला सांग हं." अकरा वर्षं एखादा माणूस आपल्या वस्तूकडे असं टक लावून बघत असेल, तर त्याच्याबद्दल मनात काय भावना उत्पन्न होते हे सांगायला नको.

बोटीचं नाव 'डॉली मे'. ते मी ठेवलेलं नाही. आधीच्या मालकानं ठेवलं होतं, आणि बोटीचं नाव बदलणं अशुभ असतं म्हणून मी ते राहू दिलं. पाण्यावरची रीत अशी की रेडिओवर माणसाला त्याच्या बोटीच्या नावानं हाक मारतात. दोन हजार मुलांनी ज्याला बघून कॉरिडॉरमधला वेग कमी केला, त्या माणसाला गेली अकरा वर्षं अनोळखी पुरुष "थँक यू, डॉली मे" म्हणतात. मी ते सहन करतो. चौतीस फुटी बोट, एकच इंजिन, ताशी सात मैल. या वेगाला मी संयम म्हणतो. ग्लेंडाचा शब्द वेगळा आहे.

जेवण आमच्याशिवाय सुरू होऊ नये म्हणून मी एक मुत्सद्देगिरी केली. टर्की आम्ही आणू, असं कोरिनला कळवून टाकलं. चोवीस पौंडांची कच्ची टर्की बर्फात घालून बोटीवर चढवली. टर्कीशिवाय थँक्सगिव्हिंगला बसणारं कुटुंब आमच्या कॅरोलिनात अजून जन्मायचं आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी धक्क्यावर निरोपाचा कार्यक्रम झाला. निरोप म्हणजे सल्ला. आमचा जलमार्ग समुद्राला समांतर, जमिनीच्या आतून जातो. खाड्या, नद्या आणि खणलेले कालवे एकमेकांना जोडून तो केलेला आहे. दोन्ही बाजूंना गाळ. मधे खोल पाण्याची एक वाट, तिच्या कडेनं नंबर घातलेले लाल-हिरवे खांब. आता दक्षिणेकडे जाताना लाल खांब उजवीकडे ठेवावा हे कुणीही सांगेल. पण जिथं समुद्र आत येतो तिथं हे उलटतं, असं एकजण म्हणाला. उलटत नाही, फक्त तसं वाटतं, असं दुसरा म्हणाला. नकाशावर वाट दाखवणाऱ्या गुलाबी रेघेवर अजिबात विश्वास ठेवू नकोस, असं तिसऱ्यानं बजावलं, आणि त्या रेघेशिवाय दुसऱ्या कशावर ठेवू नकोस, असं चौथ्यानं. चौघेही कुठं ना कुठं गाळात रुतलेले होते, आणि ती जागा वडिलोपार्जित जमीन असल्यासारखी अभिमानानं सांगत होते. रॉयस मात्र सल्लागारांत नव्हता. तो बोटीभोवती फिरून तिचं बूड बघत होता. ग्लेंडाची अट त्याच्या कानावर गेली होती. या धक्क्यावर कुणाच्या कानावर काय जात नाही?

पहिल्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळेलाच रॉयसचा फोन. कुठपर्यंत पोचलात, इंजिन गरम होत नाही ना, वगैरे चौकशी झाली. मग म्हणाला, "व्हर्नन, एकसष्ट नंबरच्या खांबापाशी डावी बाजू धर. उजवीकडं गाळ साठलाय."

मी फोन ठेवला आणि विचार केला. ज्या माणसाला माझी बोट हवी आहे, तो मला बोट सुखरूप न्यायचा मार्ग कशाला सांगेल? तर्कशास्त्र मी कॉलेजात शिकलो आहे. मी उजवी बाजू धरली.

गाळ मऊ होता. इतका मऊ, की आपण रुतलो आहोत हे समजायला मला दहा मिनिटं लागली. ग्लेंडाला आधीच समजलं होतं. पण तिनं पुस्तकातलं प्रकरण पूर्ण करून मग सांगितलं.

बोट ओढून काढणाऱ्या एका क्लबचे आम्ही सभासद आहोत. फोन लावला. तिथल्या बाईंनी विचारलं, बोट बुडते आहे का? नाही म्हटलं. चालते आहे का? नाही. मग ती निकामी आहे की रुतलेली? मी म्हणालो, निकामी नाही, उत्तम स्थितीत आहे, फक्त पुढे जात नाही. त्या म्हणाल्या, निकामी आणि रुतलेली यांचे विभाग वेगळे आहेत, नीट विचार करून सांगा. विचार करून सांगितलं, तर असं निघालं की सभासदत्व ग्लेंडाच्या नावावर आहे, त्यामुळे रुतल्याचं निवेदन तिनंच करायला हवं. ग्लेंडानं फोन घेतला आणि घटना घडली त्या वेळी आपण वाचत होतो, असं निवेदन दिलं. हे सगळं लिहून होईपर्यंत भरती आली आणि बोट आपोआप मोकळी झाली. मग तक्रार रद्द करायला आणखी वीस मिनिटं. रद्द करण्याच्या अर्जात सुटकेचं कारण लिहावं लागतं.

"चंद्र," ग्लेंडानं सांगितलं.

संध्याकाळी जावयाचा फोन आला. प्रेस्टन दातांत तारा बसवणारा डॉक्टर आहे. अतिशय सभ्य मुलगा. त्याच्यात खोट काढता येत नाही, हीच त्याची मला न आवडणारी एकमेव गोष्ट. तो म्हणाला, "सर, तुम्ही दमला असाल तर मी न्यायला येऊ का? साडेचार तासांचा तर रस्ता आहे." म्हणजे अख्खा दिवस बोट हाकून मी मुलीच्या अर्धा तास जवळ आलो होतो.

दुसऱ्या दिवशी लष्करानं अडवलं. आमच्या वाटेवर एक मोठा लष्करी तळ आहे, आणि जलमार्ग त्याच्या मधून जातो. गोळीबाराचा सराव असला की वाहतूक बंद. चौदा बोटी चार तास रांगेत उभ्या होत्या. दोन्ही बाजूंचे लोक इतक्या अदबीनं वागत होते की तोफ उडाली की रेडिओवर कुणीतरी "माफ करा" म्हणायचं. रॉयसचा फोन त्या दिवशीही आला. त्यानं आपणहून शोधून काढलं होतं की सराव दोनला थांबतो. पाठोपाठ म्हणाला, "वेळ भरून काढ हं, व्हर्नन." गिधाडसुद्धा इतकी विचारपूस करत नाही.

तिसऱ्या दिवशी प्रेस्टन प्रत्यक्षच आला. आमच्या जलमार्गाची हीच मोठी अडचण आहे. तुम्ही तीन दिवस वारा, लाटा आणि मगरी यांच्या मधून वाट काढत एखाद्या रानात नांगर टाकावा, तर झाडीपलीकडं हमरस्ता असतो आणि जावई दवाखाना आटपून रताळ्यांचं भाजलेलं कॅसरोल घेऊन येतो. टर्कीसाठी ताजा बर्फही आणला होता. त्याच्या गाडीतल्या सीट आतून गरम होतात. ग्लेंडा अंगावर दोन स्वेटर घालून त्या सीटकडे बघत होती. प्रेस्टननं निव्वळ सौजन्य म्हणून गाडीचं दार उघडून धरलं. मी श्वास रोखला. ग्लेंडा पुढे झाली, वाकली, कॅसरोलचं रिकामं भांडं त्या गरम सीटवर ठेवलं आणि दार लावलं. शब्दाला पक्की बाई. तिला लबाडीनं जिंकायचं नव्हतं. तिला मी हरायला हवा होतो, आणि तेही नियमानं.

पाचव्या दिवशी खेकडे धरायच्या पिंजऱ्याचा दोर बोटीच्या बुडाशी फिरणाऱ्या पंख्यात अडकला. नोव्हेंबरच्या पाण्यात उतरून तो कापणं भाग होतं. बोटीवर कोरडी विजार एकच उरली होती, ती मी विचारपूर्वक वाचवली आणि चड्डीवर पाण्यात उतरलो. दातात चाकू धरून वर आलो, तेव्हा शेजारून एक कोळंबीची होडी संथपणे चालली होती. तिच्यावरचा दाढीवाला माणूस मला बराच वेळ निरखत राहिला. मग त्यानं टोपी काढली. "गुड मॉर्निंग, मिस्टर स्टॉलिंग्ज." तो १९९८ च्या बॅचचा होता. शाळेत अयोग्य पोशाखात आल्याबद्दल मी त्याला तीन दिवस घरी बसवलं होतं. तो त्याबद्दल एक शब्दही बोलला नाही. आमच्याकडच्या माणसांचं हेच वाईट. बोलून टाकत नाहीत.

गुरुवार उजाडला. थँक्सगिव्हिंग. कोरिनचं घर फक्त पाच मैलांवर राहिलं होतं, आणि मधे एकच पूल. हा पूल बोटी आल्या की मधोमध उघडतो. पण सणाच्या दिवशी जेवायला निघालेल्या गाड्यांची गर्दी असते म्हणून दुपारी बाराला एकदा उघडणार आणि त्यानंतर थेट चारला, असं पुलाच्या पाटीवर लिहिलेलं होतं. जेवण दोनला. त्याआधी टर्की तळायला तासभर. मी पावणेबाराला पुलापासून अर्ध्या मैलावर होतो. सगळं वेळेवर होतं. रॉयसचा फोन आला तो मी उचललासुद्धा नाही.

तेवढ्यात मागून रेडिओवर आवाज आला. "डॉली मे, डॉली मे, इथे मर्सी. कॅप्टन, तुमची हरकत नसेल तर तुमच्या डाव्या बाजूनं हळूच पुढे जाऊ का?"

मागून एक मोठी पांढरी बोट येत होती. आता मोठी बोट लहान बोटीला ओलांडताना तिच्या लाटेनं लहान बोटीतल्या कपबशा फुटतात. म्हणून सभ्य माणसं आधी विचारतात. मग पुढच्यानं इंजिन मंद करायचं, म्हणजे मागच्यालाही मंदगतीनं ओलांडता येतं. मी इंजिन मंद केलं आणि या म्हणालो. कॅप्टन हॉलोवेल व्हर्जिनियाचे निघाले. त्यांना वाटलं, पूल समोर असताना हा बिचारा माझ्यासाठी थांबला. त्यांनीही मंद केलं. म्हणाले, नाही कॅप्टन, पुलाच्या तोंडाशी तुम्हाला मागं टाकणं मला शोभणार नाही, आधी तुम्ही. मी म्हणालो, आपण विचारलंत, आता मी पुढे पळालो तर काय दिसेल? त्यांनी इंजिन आणखी मंद केलं. मी बंदच केलं. उत्तर कॅरोलिनानं व्हर्जिनियाकडून सौजन्याच्या बाबतीत हार खाल्ल्याचं अजून तरी माझ्या वाचनात नाही.

दोन्ही बोटी शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि ओहोटीचं पाणी आम्हाला हलके हलके मागं नेत होतं. बाराला पूल उघडला. दोन्ही पाखं आकाशात उभी राहिली. चार मिनिटं तशीच राहिली. मग पुलावरच्या केबिनमधून आवाज आला. तिथं मिस अर्नेटा म्हणून एक वयस्क बाई बसतात.

"डॉली मे, मर्सी, तुम्ही दोघं येताय राजा, की मी जेवायला बसू?"

"आधी मर्सी येताहेत, मॅडम," मी म्हणालो.

"आधी डॉली मे," कॅप्टन हॉलोवेल म्हणाले.

मिस अर्नेटांनी पूल मिटला.

त्यानंतर मी रेडिओवर त्यांची पुष्कळ मनधरणी केली. त्या म्हणाल्या, माझं मन आहे राजा, पण नियम नाही. कुणी जखमी असेल तर उघडता येतो. कुणी जखमी आहे का? मी म्हणालो, शरीरानं नाही. त्या म्हणाल्या, मग रकाना नाही.

बोट पुलाजवळच्या मासे धरायच्या छोट्या जेटीला लावली. मर्सीही मागोमाग आली. पलीकडं, पाण्याच्या वळणावर, कोरिनच्या घराचा धक्का दिसत होता. ग्लेंडानं पुस्तक बंद केलं. पर्स मांडीवर घेतली. कोट घातला. बायको असा कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन, काही न बोलता बसली की पुलावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज वेगळा ऐकू येतो.

पुलाच्या खांबावर रंगवलेली पट्टी असते. पाण्यापासून पुलापर्यंत किती उंची आहे ते तिच्यावर वाचता येतं. ओहोटी जितकी खाली, तितकी उंची जास्त. ओहोटी एक वाजून दहा मिनिटांनी तळ गाठणार होती, आणि त्या वेळी पुलाखाली चौदा फूट मिळणार होते. मी बोटीवरची उघडता-मिटता येणारी प्रत्येक गोष्ट मिटली. रेडिओची काठी आडवी केली, झेंडा उतरवला, दिव्याचा खांब काढला. उरलं ते वरच्या सुकाणूवरचं पक्कं छप्पर. त्याची उंची कागदपत्रांत आहे. चौदा फूट दोन इंच.

प्रेस्टन गाडी घेऊन आला, कारण टर्कीसाठी घरी तेरा माणसं ताटकळली होती. टर्की मी गाडीनं नेतो, असं तो सुचवत होता. टर्की आणि मी बरोबरच जाऊ, असं मी सांगितलं.  मग तो डोळे बारीक करून पट्टी बघत राहिला. दातांत तारा बसवणाऱ्या माणसाला दोन इंच म्हणजे अख्खं मैदान. म्हणाला, "सर, पूल वर जात नसेल तर बोट खाली जाऊ शकते. वजन चढवलं की ती बसते." त्यानं पाकिटाच्या मागच्या बाजूला आकडेमोड केली. इंचाला साधारण दीड हजार पौंड. म्हणजे तीन हजार पौंड माणसं.

पाऊण तासात सगळे पाहुणे तीन गाड्यांतून जेटीवर आले. कोरिन, तिचे सासू-सासरे, त्यांची भावंडं, शेजारचं एक कुटुंब. सगळे सणाच्या कपड्यांत आणि सगळे भुकेले. कोरिन मला मिठी मारून म्हणाली, "डॅडी, तुम्ही विमानानं का नाही येत?" सौजन्याला जागून मर्सीचं जोडपंही आलं. मिस अर्नेटांनी केबिनमधून डोकं काढून सांगितलं की प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट दिसलं नाही तर मी कोस्ट गार्डला फोन करीन. मग मर्सीवरची आणि आमची जॅकेटं गोळा केली, आणि बाकीची प्रेस्टन त्याच्या घरच्या बोटीवरून घेऊन आला. कोरिनच्या सासऱ्यांनी ते टायवरून घातलं.

बोट एका बाजूला कलू नये म्हणून वजन सारखं वाटायला हवं होतं. त्यासाठी प्रेस्टननं प्रत्येकाला, अत्यंत नम्रपणे, त्याचं वजन विचारलं. बायकांना वेगळं, कानात विचारलं. बेरीज बरोबर तीन हजार झाली. सोळा माणसं चढली. बोट बसली. प्रेस्टननं पट्टी लावून पाहिलं. पावणेदोन इंच.

पाव इंच कमी. तीन हजार भरावेत म्हणून प्रत्येकानं सौजन्यापोटी आपलं वजन थोडं वाढवून सांगितलं होतं, हे बोटीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि कुणीच वर बघत नव्हतं.

एक वाजून पाच मिनिटं झाली होती. ग्लेंडा उठून उभी राहिली. मला वाटलं, संपलं. पण ती जेटीपलीकडं बघत होती. तिथं एक ट्रक येऊन थांबला होता आणि त्यातून रॉयस आयपॉक उतरत होता.

मी त्याला बोलावलं नव्हतं. तो सकाळीच निघाला असावा, मी न उचललेला फोन त्यानं वाटेतून केला असावा आणि पुलावरून त्याला बोट दिसली असावी, असं मला वाटलं. बोटीचा ताबा घ्यायला माणूस किती तत्परतेनं येतो! तो धापा टाकत जेटीवर आला, एका नजरेत सगळं बघितलं. बोट, पूल, पट्टी, जॅकेटं घातलेली सोळा माणसं.

ग्लेंडा म्हणाली, "रॉयस, पाव इंच कमी पडतंय."

तिला न्यायाची चाड होती म्हणून ती बोलली. नाहीतर गप्प बसली असती तरी चाललं असतं. आता ही बोट पुलाखालून गेली तर जिचं नाव रॉयस अकरा वर्षं घेतोय ती त्याच्या हातची जाणार होती, आणि तिला घालवण्यासाठी त्याचंच वजन लागणार होतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. एक क्षणही तो थांबला नाही.

"तीनशे बारा," कुणी न विचारताच त्यानं जाहीर केलं. "आणि ट्रकमधे कालवांची चार पोती आहेत. कोरिनसाठी आणली होती. ती पण घ्या. घ्या लवकर."

पोती चढली. रॉयस चढला. बोटीनं एक उसासा टाकला. प्रेस्टननं अंगठा वर केला. मी इंजिन सुरू केलं.

पुलाखाली शिरताना कुणी सांगितलं नसताना सगळ्यांनी मान खाली घातली. कोरिनच्या सासऱ्यांनी प्रार्थना पुटपुटायला सुरुवात केली. वरून गाड्यांची घरघर चालली होती. छपरानं पुलाच्या पोटाचं शेवाळ खरवडलं, एक लांब करकर झाली, आणि आम्ही उजेडात आलो. रेडिओवर मिस अर्नेटा म्हणाल्या, "डॉली मे, पलीकडं दिसलीस हो. माझं जेवण मात्र गार झालं." सोळा माणसांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात रॉयसनं वाजवल्या. खिलाडूवृत्ती म्हणतात ती हीच, असं मला वाटलं, आणि त्याच्याविषयी प्रथमच काहीतरी मृदू दाटून आलं.

ग्लेंडा बोटीतून कोरिनच्या धक्क्यावर उतरली. "बोट राहिली," ती म्हणाली. रक्ताच्या तपासणीचा निकाल वाचावा तसा आवाज होता. पण बोलली ते नियमाला धरून.

टर्की तळून टेबलावर यायला चार वाजले. आमच्या घरात जेवणापूर्वी टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकानं, आळीपाळीनं, यंदा आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचं असतं. कोरिनच्या सासऱ्यांनी आरोग्याबद्दल सांगितलं. मर्सीच्या बाईंनी सौजन्याबद्दल. कॅप्टन हॉलोवेल म्हणाले, आधी डॉली मेना बोलू द्या. त्यांच्या बायकोनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मग रॉयसची पाळी आली.

रॉयसनं हात जोडले, डोळे मिटले. म्हणाला, "बोट पुलाखालून गेली, याबद्दल मी देवाचा फार आभारी आहे."

सगळे हेलावले. मीही हेलावलो. रॉयस डोळे मिटूनच होता, आणि बहुधा मिटलेल्या डोळ्यांमुळेच पुढचं बोलून गेला. "नाहीतर ती मला घ्यावी लागली असती."

 मी विचारलं, "म्हणजे?"

रॉयसनं डोळे उघडले आणि आपण काय बोललो ते त्याला दिसलं. तो चाचरत म्हणाला, तसं काही नाही, व्हर्नन. शेजारी आहोत. रविवारी तुझ्या बोटीवरून जाताना काहीतरी चांगलं बोलायला नको का? आई सांगायची, कुणाच्या घरावरून जाताना घराची तारीफ करावी. आता अकरा वर्षं तारीफ केली. मग ग्लेंडानं ती अट घातली. एकदा तोंडानं म्हटलं की मागं कसं फिरणार? मग मी काय करणार, रोज फोन करून तुला गाळ दाखवत होतो.

म्हणजे एकसष्ट नंबरचा खांब खरा होता. लष्कराची वेळ खरी होती. आणि आज पाच तास ट्रक चालवून हा माणूस बोट घ्यायला नव्हे, बोटीपासून वाचायला आला होता.

तिथंच मी आभार मानून टर्की कापायला घेतली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी असं सांगितलं नव्हतं की तुझी वस्तू नको म्हणून मी देवाची प्रार्थना केली. मी विचारलं, "का नको? बोटीत खोट काय आहे?"

"खोट काहीच नाही, व्हर्नन."

"मग?"

"व्हर्नन, बस खाली," ग्लेंडा म्हणाली.

मी बसलो नाही. मी इंजिनबद्दल सांगितलं. तेलाचा एक थेंब गळत नाही. बुडाबद्दल सांगितलं. एकसष्टच्या गाळातून जशीच्या तशी बाहेर आली. आज सोळा माणसं, शिवाय रॉयस, शिवाय चार पोती कालवं तिनं कशी झेलली ते टेबलावरच्या प्रत्येकानं बघितलं आहे, असं सांगितलं, आणि टेबलावरचे सगळे माना डोलावू लागले. कोरिनचे सासरे म्हणाले, बोट खरोखर भारदस्त आहे. प्रेस्टन म्हणाला, वजन फार सारखं बसतं तिच्यात. मी म्हणालो, अशी बोट आज शोधून सापडत नाही, आणि तिला नको म्हणायला माणसाकडे काहीतरी सबळ कारण हवं. रॉयस, तुझ्याकडे काय कारण आहे? सांग सगळ्यांसमोर.

रॉयसनं ताटातल्या मक्याच्या ब्रेडचा एक कोपरा मोडला आणि परत जागच्या जागी ठेवला. माणूस दुसऱ्याच्या मुलीच्या टेबलावर बसलेला, समोर तिचा बाप, आजूबाजूला सणाचे पाहुणे. कारण त्याच्याकडे असणार. पण ते सांगायचं कसं, हे त्याला त्याच्या आईनं शिकवलेलं नव्हतं.

"नाही, कारण काही नाही," तो शेवटी म्हणाला. "तू म्हणतोस ते खरं आहे. तू इतकं म्हणतोस, तर घेतो मी."

आणि त्यानं टेबलावरून हात पुढे केला.

अठरा माणसं बघत होती. पुढे आलेला हात आमच्याकडं तसाच सोडून देत नाहीत. मी तो हातात घेतला. टाळ्या झाल्या. मर्सीच्या बाईंनी डोळे टिपले.  ग्लेंडानं माझ्या ताटात टर्कीचा मोठा तुकडा वाढला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, आणि त्यावर रस्सा घातला.

मग कोरिन म्हणाली, "डॅडी, तुमचं राहिलंच. तुम्ही कशाबद्दल आभारी आहात?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. रॉयसनं माझा हात अजून सोडला नव्हता, किंवा मी त्याचा.

"चांगल्या शेजाऱ्यांबद्दल," मी म्हणालो.

"आमेन," रॉयस म्हणाला. त्याचा आवाज माझ्यापेक्षाही बारीक आला.